आवाज, डेटा आणि व्हिडिओ एकाच बॅकबोनवर आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबई, सिंगापूर, मार्सेय, लंडन आणि न्यूयॉर्क इथे पॉप, म्हणजे जाळ्याची उपकरणं असलेली केंद्रं, आहेत. आवाजासाठी एसडीएचवरची (फायबरवर ठरावीक क्षमतेची सर्किटं देणारी जुनी पद्धत) ई-१ सर्किटं (प्रत्येकी २ मेगाबिट), जुन्या ग्राहकांसाठी एटीएम आणि फ्रेम रिले या जुन्या डेटा-पद्धती, इंटरनेटसाठी आयपी अशी तीन जाळी शेजारी शेजारी चालतात. ती बंद करून सगळा ट्रॅफिक एका आयपी-एमपीएलएस बॅकबोनवर, म्हणजे पॅकेटांना लेबल लावून वाट ठरवणाऱ्या मुख्य जाळ्यावर, न्यायचा आहे. १० जीच्या (सेकंदाला १० गिगाबिट) जागी १०० जी लिंक आणि नवे राउटर घेतले की पुरे का?

पुरे नाही. बँडविड्थ वाढवणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. जुन्या जाळ्यांनी बऱ्याच गोष्टी करारात न लिहिता पुरवलेल्या असतात. एसडीएच घड्याळ पुरवतं, मार्ग तुटला तर ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या मार्गावर जातं आणि दोन्ही दिशांचा विलंब सहसा सारखा ठेवतं. तीन जाळी वेगळी असल्यामुळे एक झोपलं तरी दुसऱ्यावरून फोन लागतो. पॅकेट जाळ्यात यातलं काहीही आपोआप मिळत नाही. प्रत्येक गोष्ट मुद्दाम बांधावी लागते. आणि कोणती गोष्ट कोणाला लागते हे माहीत नसेल तर ती बांधली जात नाही.

म्हणून राउटरची ऑर्डर देण्याआधी प्रत्येक सर्किटाची यादी करा. बिलिंगच्या यादीवर विसंबू नका, पोर्टवर जाऊन पाहा. प्रत्येकापुढे लिहा: प्रत्यक्ष लोड किती, एका दिशेचा विलंब किती चालतो, किती वेळाचा खंड सहन होतो, पलीकडचं उपकरण घड्याळ कुठून घेतं, आणि बंद पडलं तर फोन कोणाचा येतो. या यादीत हमखास अशी ई-१ सापडतात ज्यांवर एकही कॉल नसतो, पण एखादं जुनं एक्स्चेंज त्यांच्यावरून क्लॉक घेत असतं. ट्रॅफिक शून्य म्हणून ती काढली की काही तासांनी भलतीकडेच स्लिप (घड्याळं न जुळल्यामुळे डेटाचा तुकडा गळणं किंवा दोनदा येणं) दिसू लागतात.

क्षमता मोजायची ती केबल तुटलेल्या दिवसाची

समजा मुंबईहून युरोपकडे दोन केबलांवर प्रत्येकी १०० जी आहे आणि कमाल लोड एकूण १२० जी. आलेखावर दोन्ही लिंक ६० टक्क्यांवर दिसतात आणि सगळे निश्चिंत असतात. एक केबल तुटली की १२० जी ट्रॅफिक १०० जीच्या लिंकवर येतो. जुन्या व्यवस्थेत हा ताण फक्त इंटरनेटला बसला असता. आता त्याच लिंकवर आवाजही आहे. नियम असा ठेवा: कोणताही एक मार्ग गेल्यावर उरलेली लिंक ८० ते ८५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. दोन समान मार्ग असतील तर रोजचा लोड प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपास हवा. वित्त विभागाला हे उधळपट्टीसारखं वाटतं, पण एकत्रीकरणाची खरी किंमत इथेच मोजावी लागते आणि ती पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात हवी.

पण 'दोन मार्ग' म्हणजे खरोखर दोन आहेत का, हा त्याहून मोठा प्रश्न. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन्ही केबल तुटल्या आणि भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट कोलमडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉमच्या केबलांना फटका बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ सी-मी-वी ४ आणि आयएमईवी. नावं वेगळी, मालक वेगळे, पण समुद्राची चिंचोळी पट्टी तीच, आणि पुढे इजिप्तमधून जमिनीवरची वाटही बरीचशी तीच. मुंबईतही बऱ्याच केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उतरतात. म्हणून कॅरियरकडून (सर्किट भाड्याने देणारी कंपनी) प्रत्येक सर्किटाचा नकाशा मागा: लँडिंग स्टेशन, शहरातली डक्ट (फायबरची भूमिगत नळी), इमारतीत फायबर शिरण्याची जागा. एकाच धोक्याखालच्या लिंकना राउटिंगमध्ये एकच जोखीम-गट क्रमांक द्या, म्हणजे पर्यायी मार्ग निवडताना राउटर त्याच खड्ड्यातली दुसरी फायबर उचलणार नाही.

हा नकाशा कायमचा खरा राहत नाही. कॅरियर स्वतःच्या सोयीसाठी सर्किटं हलवतो आणि कळवायचं राहून जातं. यावर स्वस्त उपाय आहे: सर्किट सुरू झाल्या दिवशी जाऊन-येऊन विलंब नोंदवून ठेवा आणि रोज तपासा. फायबरमध्ये १००० किलोमीटरला एका दिशेने ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन विलंब १ मिलिसेकंदाने बदलला तर वाट सुमारे १०० किलोमीटरने बदललेली असते. रात्रीत ३ मिलिसेकंदांचा फरक पडला तर सकाळी कॅरियरला फोन करा.

पूर्वेकडचा मार्ग, म्हणजे सिंगापूर, प्रशांत महासागर, अमेरिका आणि मग लंडन, हा खरा वेगळा आहे; पण एका दिशेचा विलंब १८० मिलिसेकंदांच्या घरात जातो. पश्चिमेकडून तो साधारण ६० असतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीप्रमाणे संभाषणासाठी एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. म्हणजे पश्चिमेची एक केबल गेली तर उरलेली पश्चिम आवाज आणि व्हिडिओ कॉलसाठी राखायची आणि बॅकअप, मेल, फाइल वगैरे पूर्वेकडे ढकलायचं. साधं राउटिंग हे करणार नाही. आयएस-आयएस या मार्ग निवडणाऱ्या प्रोटोकॉलला लोड दिसत नाही. जवळचा मार्ग तुंबला तरी ते त्याच्यातच कोंबत राहतं. त्यासाठी आरएसव्हीपी-टीई या प्रोटोकॉलने आखलेले, प्राधान्यक्रम असलेले टनेल (ठरवून दिलेल्या वाटा) लागतात, किंवा सेगमेंट राउटिंग (पूर्ण वाट पॅकेटावरच्या लेबलांत लिहिण्याची पद्धत) असेल तर विलंबावर आधारित वेगळा फ्लेक्स-अल्गो, म्हणजे मार्ग निवडण्याचा वेगळा नियम. नव्याने बांधत असाल तर मी सेगमेंट राउटिंग घ्यायला सांगेन. मधल्या राउटरवर हजारो टनेलांची स्थिती सांभाळण्याचा त्रास वाचतो.

विलंबाचा फटका डेटालाही बसतो. विंडो म्हणजे पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा. ती मोठी करण्याची सोय (विंडो स्केलिंग) नसलेला जुना सर्व्हर ६४ केबीच्या विंडोने जाऊन-येऊन १२० मिलिसेकंदांवर जेमतेम ४.४ मेगाबिटचा वेग गाठतो, मग लिंक १०० जीची असो की ४०० जीची. 'अपग्रेड करूनही फाइल हळूच जाते' ही तक्रार आली की आधी हे बघा.

ऑप्टिकल थर

जुन्या समुद्री केबलवर क्षमता वाढवताना पाण्यातलं काही बदलत नाही. दोन्ही टोकांची उपकरणं बदलतात. सी-मी-वी ४ मूळ आराखड्यात दोन फायबर जोड्या, प्रत्येकीवर १० जीच्या ६४ तरंगलांब्या (प्रकाशाचे वेगवेगळे रंग, प्रत्येक एक वाहिनी), म्हणजे १.२८ टेराबिटची होती. नंतरची वाढ टोकांवरच्या नव्या ट्रान्सपाँडरांमुळे (डेटाचा त्या रंगाचा प्रकाश करणारी उपकरणं) झाली. इथे दोन गोष्टी नडतात. पहिली, १० जीच्या जुन्या तरंगलांब्या चालू-बंद प्रकाशाच्या असतात आणि १०० जीच्या कोहेरंट (प्रकाशलहरीच्या कलेतही माहिती भरणाऱ्या) तरंगलांबीला शेजारून त्रास देतात. मध्ये रिकामी जागा सोडा किंवा जुन्या तरंगलांब्या स्पेक्ट्रमच्या एका टोकाला गोळा करा. दुसरी, पाण्यातले रिपीटर (प्रकाश वाढवणारी उपकरणं) एकूण प्रकाशशक्ती स्थिर ठेवतात. जुन्या तरंगलांब्या एकदम बंद केल्या तर उरलेल्यांवर शक्ती वाढते आणि चुका वाढतात. काढलेल्या प्रत्येक तरंगलांबीच्या जागी भरणीचा प्रकाश आधी लावा, मग ती काढा.

कोहेरंट लिंक बिघडण्याची तऱ्हाही वेगळी. चूक-दुरुस्ती कोड चालू असेपर्यंत पॅकेट लॉस शून्य दिसतो आणि मर्यादा ओलांडली की लिंक सरळ कोसळते. म्हणून दुरुस्तीपूर्व चुकांच्या प्रमाणावर अलार्म लावा. ग्राहकाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी तो इशारा देतो.

एमटीयू: सर्वांत जास्त रात्री खाणारी गोष्ट

एमटीयू म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या पॅकेटाचा कमाल आकार. हिशेब करून पाहा. ग्राहकाचं १५०० बाइटचं आयपी पॅकेट, इथरनेट हेडर १४, दोन व्हीलॅन टॅगांचे ८, कंट्रोल वर्ड ४, स्यूडोवायर (पॅकेट जाळ्यावरून नेलेलं ग्राहकाचं सर्किट) लेबल ४, वाहतूक लेबल ४: झाले १५३४. कोणीतरी बरोबर १५३४ बसवतं, सगळं चालतं, चाचणी पास होते. मग एके दिवशी लिंक तुटते, फास्ट रिरूट (तुटल्यावर लगेच पर्यायी मार्ग घेणारी सोय) आणखी एक लेबल चढवतं, पॅकेट १५३८ होतं आणि मोठी पॅकेटं गुपचूप फेकली जातात. पिंग चालतो, फोन चालतो, कारण ती पॅकेटं छोटी. वेबसाइट आणि डेटाबेस मात्र अडकतात. बिघाड फक्त बिघाडाच्या वेळीच दिसतो, म्हणून तो शोधायला फार वेळ जातो.

कोअरमध्ये (बॅकबोनच्या मधल्या भागात) सर्वत्र ९००० च्या वरचा एकच आकडा ठेवा. मात्र काही कंपन्यांच्या राउटरमध्ये त्या आकड्यात १४ बाइटचं हेडर धरलेलं असतं, काहींच्या नसतं. दोन कंपन्यांच्या राउटरमध्ये १४ चा फरक राहिला की ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलची शेजारजोडणी एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या टप्प्यावर अडकून बसते. भाड्याच्या सर्किटावर कॅरियरची मर्यादा लेखी घ्या. आणि तुकडे न करण्याचा बिट लावून पूर्ण आकाराचा पिंग प्रत्येक लिंकवर करा, पर्यायी मार्ग मुद्दाम वळवूनसुद्धा.

स्यूडोवायरवर कंट्रोल वर्ड चालू ठेवा. तो नसेल तर मधला राउटर लेबलांनंतरचा पहिला आकडा पाहून अंदाज बांधतो: ४ दिसला तर आयपीव्ही४, ६ दिसला तर आयपीव्ही६. ग्राहकाच्या उपकरणाचा मॅक पत्ता ४ किंवा ६ ने सुरू होत असेल तर राउटर इथरनेट फ्रेमलाच आयपी समजून एकाच प्रवाहाची पॅकेटं वेगवेगळ्या लिंकवर पाठवतो आणि क्रम बिघडतो. शंभरातल्या दोन-तीन ग्राहकांनाच त्रास, बाकी सगळे सुखात, अशी तक्रार आली की हे कारण आधी तपासा.

रांगा आणि प्राधान्य

सहा वर्ग पुरतात: नेटवर्क कंट्रोल, आवाज, व्हिडिओ, सिग्नलिंग, व्यवसायाचा डेटा, बाकी सगळं. त्याहून जास्त केले तर त्यांतला फरक ग्राहकाला समजावता येत नाही, शिवाय एमपीएलएस लेबलात प्राधान्यासाठी तीनच बिट असतात. आयपीच्या सहा बिटांतल्या ६४ खुणा त्या आठांत बसवाव्या लागतात. आवाजाच्या रांगेला कडक प्राधान्य द्या पण वर मर्यादा घाला, साधारण लिंकच्या एक चतुर्थांश. मर्यादा नसलेली प्राधान्य रांग एका चुकीच्या ग्राहकामुळे बाकी सगळ्यांची वाट बंद करते. ग्राहकाने लावलेल्या खुणांवर विश्वास ठेवू नका. प्रवेशाच्या राउटरवर करारानुसार पुन्हा खूण करा. शेवटच्या आधीचा राउटर लेबल उतरवतो हेही लक्षात असू द्या: तुमचं प्राधान्य लेबलातच असेल तर शेवटच्या टप्प्यावर ते हरवतं. तिथे एक्सप्लिसिट-नल, म्हणजे फक्त प्राधान्य वाहणारं रिकामं लेबल ठेवा.

मेहनत कुठे घ्यायची ते आकडे सांगतात. १५०० बाइटचं पॅकेट २ मेगाबिटच्या लाइनवर बाहेर पडायला सुमारे ६ मिलिसेकंद घेतं, १० जीवर १.२ मायक्रोसेकंद. म्हणजे ग्राहकाच्या बारीक लाइनवर प्राधान्य दिवसभर उपयोगी पडतं. कोअरमध्ये ते फक्त केबल तुटल्यावर. दोन्हीकडे लावायचंच, पण तपासायचा वेळ ग्राहकाच्या टोकावर जास्त द्या.

घड्याळ

उरलेल्या ई-१ ग्राहकांना स्यूडोवायरवर न्यायचं तर २५६ बाइटचं पॅकेट सेकंदाला १००० वेळा जातं. हेडर धरून २ मेगाबिटचे २.३ ते २.५ होतात. बँडविड्थचा प्रश्न नाही, प्रश्न क्लॉकचा आहे. दोन्ही टोकांना प्राथमिक दर्जाचं घड्याळ असेल, म्हणजे १० च्या ११ व्या घाताइतक्या (दहा हजार कोटी) भागांत एका भागाची अचूकता, तर सर्वांत वाईट स्थितीतही साधारण ७० दिवसांत एक स्लिप येते. तेच उपकरण स्वतःच्या साध्या ऑसिलेटरवर मोकळं सुटलं, ४.६ भाग प्रति दशलक्षाच्या चुकीवर, तर दर २७ सेकंदांना एक. बोलणाऱ्याला 'टक्' असा आवाज येईल. फॅक्सचं पान मात्र अर्धवट तुटेल. पॅकेटांच्या येण्यावरून क्लॉक काढण्याची पद्धत लांब आणि गर्दीच्या मार्गावर डगमगते. प्रत्येक पॉपवर उपग्रह-रिसीव्हर आणि रुबिडियम राखीव घड्याळ बसवा आणि दोन्ही टोकांच्या सामायिक घड्याळाशी तुलना करून क्लॉक काढा. मोबाइलसाठी लागणारी अचूक वेळ समुद्रापार पीटीपी या जाळ्यावरून वेळ पाठवण्याच्या पद्धतीने नेण्याचा विचार सोडून द्या: दोन दिशांच्या फायबरमध्ये २०० मीटरचा फरक असला तरी अर्ध्या मायक्रोसेकंदाची चूक शिरते आणि पूर्ण साखळीला परवानगी १.५ मायक्रोसेकंदांचीच असते.

आवाज

जी.७११ या साध्या कोडेकवर (आवाजाचे अंक करणारी पद्धत) २० मिलिसेकंदांचं पॅकेट धरलं तर इथरनेटसह एका कॉलला एका दिशेने ८७ किलोबिट लागतात. दहा हजार कॉल एकाच वेळी चालू असले तरी एक जीच्या आत. म्हणून बॅकबोनवर आवाज दाबू नका. आवाज दाबणाऱ्या जी.७२९ ने जे वाचतं ते १०० जीवर नगण्य आहे, आणि दोनदा कोडेक बदललेला आवाज मात्र लगेच ओळखू येतो. पॅकेट बनवणं आणि जिटर बफर (पॅकेटांच्या येण्यातली उशीर-घाई सावरणारी साठवण) मिळून ६० मिलिसेकंदांपर्यंत भर पडते, त्यामुळे पूर्वी न जाणवणारा प्रतिध्वनी आता ऐकू येतो. गेटवेवरचा इको कॅन्सलर पुरेशा लांबीचा आहे ना ते पाहा. फॅक्स टी.३८ या आयपीवरच्या फॅक्स-पद्धतीवर न्या. एसएस७ सिग्नलिंग (कॉल जोडण्याचे संदेश) एससीटीपी या प्रोटोकॉलवर टाकताना दोन पत्ते दोन खरोखर वेगळ्या मार्गांवर ठेवा. भारतात सार्वजनिक टेलिफोन जाळं आणि खासगी आयपी आवाज जोडताना टोल बायपासच्या (परवानाधारक जाळं टाळून लांब पल्ल्याचे कॉल नेण्याच्या) अटी लागू होतात. डिझाइन गोठवण्याआधी परवान्याची बाजू कायदेशीर सल्लागाराकडून तपासून घ्या.

एकत्र येण्याचा धोका

८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्सचं जाळं बंद पडलं. कोअर अपग्रेडच्या एका टप्प्यात वितरण राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, मार्गांच्या नोंदींचा लोंढा कोअर राउटरांवर आला आणि ते बसले. मोबाइल आणि घरगुती सेवा एकाच आयपी कोअरवर होत्या, म्हणून दोन्ही गेल्या. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक, ९११ चे आपत्कालीन कॉल, इंटरॅक या पेमेंट जाळ्याची कार्ड-देवाणघेवाण, सगळ्यांना फटका बसला. राउटरांपर्यंत पोहोचण्याचं व्यवस्थापन जाळंही त्याच कोअरवर अवलंबून होतं, त्यामुळे अभियंत्यांनाच आत शिरता येईना.

यातून तीन गोष्टी करायच्याच. व्यवस्थापनासाठी वेगळ्या कंपनीच्या लाइनवर स्वतंत्र जाळं ठेवा, आणि त्याचं लॉगिन सर्व्हर मुख्य जाळ्यावर अवलंबून नाही हे मुख्य जाळं तोडून तपासा. प्रत्येक बीजीपी (जाळी एकमेकांना मार्ग कळवतात तो प्रोटोकॉल) सत्रावर मार्गांच्या संख्येची मर्यादा घाला. कोअर राउटरांना इंटरनेटचा पूर्ण तक्ता देऊच नका, त्यांना फक्त लेबलं पुरतात. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटच्या मार्गांनी ५,१२,००० ओलांडले तेव्हा जगभर जुन्या राउटरांची मेमरी अपुरी पडली होती; आज तो तक्ता त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. आणि जमलं तर आवाजाचं कोअर दोन प्रतलांत (स्वतंत्र चालणाऱ्या भागांत) विभागा, दोन वेगळी सॉफ्टवेअर आवृत्ती असलेली. महाग आहे, पण ज्यांच्या जाळ्यावरून आपत्कालीन कॉल जातात त्यांनी ते टाळू नये.

लहान पण नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टीही आहेत. लिंक परत आली की राउटिंग लगेच तिच्यावर ट्रॅफिक टाकतं, पण लेबलं वाटणाऱ्या एलडीपीचं सत्र अजून उभं नसतं आणि व्हीपीएनचा (ग्राहकांच्या खासगी जाळ्यांचा) ट्रॅफिक गडप होतो. दोघांचं समकालन चालू करा. दहा लिंकच्या जुडीतल्या चार गेल्या तरी मेट्रिक (राउटिंगने धरलेली मार्गाची किंमत) तेच राहतं. किमान लिंकची अट घाला. मुंबईचा रूट रिफ्लेक्टर (बीजीपीचे मार्ग बाकी राउटरांना वाटणारा राउटर) सिंगापुरात असेल तर तो सिंगापूरला जवळचा मार्ग निवडतो आणि मुंबईचा ट्रॅफिक विनाकारण तिकडे फिरून येतो.

हलवण्याचा क्रम

नवा कोअर जुन्याच्या शेजारी उभा करा आणि किमान महिनाभर फक्त स्वतःचा अंतर्गत ट्रॅफिक त्यावर चालवा. या काळात प्रत्येक लिंक एकेकदा मुद्दाम तोडा. मग इंटरनेट, मग एमपीएलएस व्हीपीएन, मग फ्रेम रिले आणि एटीएम, मग ई-१, शेवटी आवाज. आवाज एकदम नको: एक्स्चेंजच्या मार्ग-वाटपात आधी दहा टक्के कॉल नव्या मार्गावर टाका, आठवडाभर कॉल लागण्याचं प्रमाण आणि सरासरी कालावधी पाहा. कॉल लागतात पण सरासरी कालावधी घटला, तर लोक आवाज न आल्यामुळे फोन ठेवताहेत असं समजा. प्रत्येक रात्रीच्या कामात परतीची वेळ आधी ठरवा आणि परतीला लागणारा वेळ खिडकीतून वजा करून ठेवा. तीन तासांच्या खिडकीत परतायला ५० मिनिटं लागत असतील तर निर्णय दोन तासांच्या आत झाला पाहिजे, आणि तो घेणारा माणूस एकच असावा.

जुनं सर्किट रिकामं झालं की लगेच उपटू नका. पोर्ट बंद करा, वायर तशीच ठेवा, तीस दिवस वाट पाहा. लिफ्टमधला फोन, आगीच्या अलार्मची लाइन, दुसऱ्या विभागाचं मोजणी-उपकरण अशा यादीत नसलेल्या गोष्टी याच काळात वर येतात. कॅरियरला सर्किट सोडण्याची नोटीस बहुधा महिने आधी द्यावी लागते, तेव्हा ती तारीख कटओव्हरच्या (नव्या जाळ्यावर जाण्याच्या) तारखेपासून उलट मोजा आणि दोन महिन्यांचं जास्तीचं भाडं धरून चला. एसडीएचची रॅक काढण्यापूर्वी तिच्या क्लॉक आउटपुट पोर्टवर काही जोडलेलं आहे का, ते केबल हाताने शेवटपर्यंत माग काढून बघा.